जांभ्यातले लोह आणि रुथेनियम

रुथेनियमसारखा महाग धातू कशाला, आपल्या कोकणातल्या जांभ्यात लोह ठासून भरलेले असताना तेच प्रकाशरसायनासाठी, म्हणजे प्रकाशाच्या ऊर्जेवर रासायनिक क्रिया घडवण्यासाठी, का वापरू नये, असा प्रश्न विचारला जातो. अडचण वेळेची आहे. बायपिरिडिनचे तीन रेणू जोडलेले रुथेनियमचे संयुग ४५२ नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश शोषते, धातूवरचा इलेक्ट्रॉन लिगंडवर, म्हणजे धातूला जोडलेल्या रेणूवर, जातो, आणि ही उत्तेजित अवस्था पाण्यात काही शे नॅनोसेकंद (सेकंदाचे अब्जांश) टिकत असल्याने शेजारच्या रेणूला तो इलेक्ट्रॉन देण्यास पुरेशी सवड मिळते. तशाच लोहसंयुगात मात्र लिगंडचे क्षेत्र, म्हणजे धातूच्या इलेक्ट्रॉनांवरचा त्याचा प्रभाव, तुलनेने क्षीण पडते, त्यामुळे ती अवस्था शंभरेक फेम्टोसेकंदांतच (फेम्टोसेकंद म्हणजे नॅनोसेकंदाचा दशलक्षांश) धातूच्या स्वतःच्या खालच्या ऊर्जापातळ्यांवर उतरते आणि ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. स्वीडनमधील लुंड विद्यापीठाच्या गटाने कार्बीन लिगंड (कार्बनच्या अणूमार्गे धातूला घट्ट जोडले जाणारे) वापरून २०१७ मध्ये लोहसंयुगाच्या उत्तेजित अवस्थेचा काळ १०० पिकोसेकंदांपर्यंत (पिकोसेकंद म्हणजे नॅनोसेकंदाचा हजारांश) नेला. माझ्या मते खरी वाट हीच आहे.

तरीही लोह प्रकाशाला अगदीच दाद देत नाही असे नाही. पोटॅशियम फेरिऑक्झलेटचे पाचूसारखे हिरवे स्फटिक रत्नागिरीच्या उन्हात उघडे राहिले, तर पृष्ठभागावर फेरस ऑक्झलेटची पिवळी भुकटी धरते. (पावसाळ्यात हा प्रयोग ठेवू नये, हे कोकणात वेगळे सांगायला नको.) मात्र येथे लिगंडच मोडून कार्बन डायऑक्साइड होतो, म्हणून हे संयुग प्रकाश मोजायला उत्तम असले, तरी पुन्हापुन्हा वापरायच्या उत्प्रेरकासाठी निरुपयोगी ठरते.