शिंपल्यांचा माग काढत
काहीजण म्हणतात की कॅलिफोर्निया बेट असल्याची जुनी थाप मिशनऱ्यांनीच पसरवली. अर्धं खरं आहे. १६०२-०३च्या स्पॅनिश मोहिमेतल्या आन्तोनियो दे ला असेन्सिऑन या पाद्र्यानेच ती उचलून धरली. पण ती खोडणारा एउसेबिओ किनोही जेझुइट (एका कॅथलिक संघाचा) पाद्रीच होता.

किनोने १६८४-८५च्या हिवाळ्यात आजचा बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्प ओलांडून पॅसिफिक गाठला. तिथे त्याला निळसर झाक असलेले मोठे शिंपले (अबलोनी या समुद्री गोगलगायीचे) दिसले. १६९९मध्ये द्वीपकल्प आणि मुख्य भूमीमधल्या आखाताच्या पलीकडे, आजच्या ॲरिझोनातल्या हिला नदीकाठच्या लोकांनी त्याला तसेच शिंपले भेट दिले. आखातात हे मिळत नाहीत, मग इथवर आले कसे? जमिनीवरून, हातोहात! म्हणजे जमिनीवरून वाट आहे. मला तर हा तर्क त्याच्या नकाशापेक्षाही आवडतो. ही वाट दाखवणारा १७०१चा तो नकाशा १७०५मध्ये पॅरिसला छापला गेला. दरम्यान १७०२मध्ये कोलोरॅडो नदीच्या मुखाशी त्याने आखाताच्या टोकावर सूर्य उगवताना पाहिला, म्हणजे पाणी पूर्वेला होतं, आणि तो उभा होता ती जमीन कॅलिफोर्नियाला जोडलेली.

तरी शंकेखोर हटेनात. १७४६मध्ये जेझुइट कॉन्साग होड्या घेऊन आखाताच्या टोकापर्यंत गेला, तेव्हा कुठे १७४७मध्ये स्पेनच्या राजाने फर्मान काढलं: कॅलिफोर्निया बेट नाही. आणि वाट दाखवणारे स्थानिक? त्यांची नावं नकाशावर शोधून पाहा.