कोल्हापुरातले पंचगंगेचे पूल आणि पुराचं पाणी बघायला जाणं: तुमच्या आठवणी सांगा

सकाळी ग्रुपवर आलं, 'राजाराम बंधारा ३९ फूट'. म्हणजे पंचगंगेची इशारा पातळी. मी पुण्यात, पण हातातला चहा तसाच राहिला. लहानपणी असा आकडा आला की बाबा संध्याकाळी सायकलवर पुढच्या नळीवर बसवून शिवाजी पुलावर न्यायचे. काळ्या दगडाचा कठडा, ओलागार. एसटी गेली की दगड हनुवटीखाली थरथरायचा. खाली लाल पाणी, त्यात एक आख्खं केळीचं झाड गरगर फिरत आलं आणि कमानीखाली गेलं. मी पळत पलीकडच्या बाजूला गेलो, तर ते बाहेर आलंच नाही. आजपर्यंत कोडं आहे. १८७० च्या दशकातला पूल, तुमच्याही आठवणी असतीलच. लिहा.

गंगावेसकर: केळ अजून कमानीत असणार 😄 आमची गँग पुलावरनं उड्या मारायची. आईला कळलं तेव्हा पाण्यापेक्षा घरी जास्त मार बसला.

वडणगेची सून: तुम्हाला मजा, आम्हाला रेडेडोह फुटला, म्हणजे पुलापुढं नदीचं पाणी रस्त्यावर आलं, की संपलं. पूल शाबूत पण त्याच्या पुढं रस्ताच नाही. २०१९ ला माहेर चार किलोमीटरवर दिसतंय आणि जाता येत नाही. सासरे म्हैस सोडून यायला तयार नव्हते. (कुकर लावलाय, नंतर लिहिते)

बर्गेवाला: राजाराम बंधाऱ्यावरनं पण लोक ये-जा करतात, त्याला पुलात धरा. पावसाळा संपला की पाणी अडवायला बर्गे (फळ्या) घालायचे, पावसाळ्याआधी काढायचे. महाराष्ट्रभर 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा' म्हणतात ते हेच. बर्गे काढायला उशीर झाला की कचरा, जलपर्णी सगळं तिथंच तुंबतं.

सांगलीकर: मध्ये बोलतो, माफी. आमचा कृष्णेवरचा आयर्विन पूल १९२९ चा. तुमची धोका पातळी ४३ फूट, आमची ४५. तुमची पंचगंगा आमच्या कृष्णेला सांगलीच्या खाली, नृसिंहवाडीला मिळते.

गंगावेसकर: हो, वाडीला भेटूच, या सांभाळून.

ताराराणी चौक: शिवाजी पुलाशेजारच्या नवीन पुलाचं कुणी बोलत नाही? अर्धा उभा राहून वर्षानुवर्षं पडला होता. शेजारी ब्रह्मपुरीची टेकडी, संरक्षित जागा, परवानगी मिळेना. तिथं रोमन समुद्रदेवाची ब्राँझची मूर्ती सापडली, टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये आहे. दोन हजार वर्षांपूर्वी रोमचा माल आला, आमचे गर्डर मात्र अडकले. २६ जानेवारी २०१८ च्या रात्री मिनीबस जुन्या पुलाचा कठडा तोडून खाली गेली, १३ माणसं गेली. मग एकदाची हालचाल झाली, २०१९ ला नवा पूल सुरू.

वडणगेची सून: त्या रात्री आमचे हे पुलावरच होते. लोकांनी दोर, बॅटऱ्या आणल्या. घरी येऊन जेवले नाहीत, नुसते हात धूत बसले. त्यानंतर मी जुन्या पुलावर कठड्याकडं बघितलंच नाही.

धागाकर्ता: 🙏 ताई.

बर्गेवाला: २०२१ ला तर ५५ च्या वर गेलं होतं. हायवेचा शिरोलीजवळचा रस्ता बंद, ट्रकांची रांग बघत बसलो.

नवीनच: विल्सन पूल चालतो का? जयंती नाल्यावरचा, लक्ष्मीपुरीकडं. नदी नाही पण वास नदीपेक्षा जास्त.

गंगावेसकर: चालतोय की. कुणी दूध कट्ट्यावर (म्हशी समोर पिळून दूध देतात तिथं) जाणार असेल तर सांगा, उद्या सकाळी लवकर. म्हशी पूल ओलांडून येतील का नाही तेवढं बघून या.

वडणगेची सून: म्हशी येतील ओ, माणसांनाच पोलीस अडवतात.