चार इंची पात्याने कोण वाचतं म्हणे?

गडवाट
काल एका महाशयांचा सल्ला वाचला: ‘रात्री घरी परतणाऱ्या प्रत्येकाने एका हाताने उघडणारा, चार इंची पात्याचा फोल्डिंग चाकू खिशात ठेवावा. पोलीस येईपर्यंत तोच वाचवतो.’ खाली अंगठ्यांची रांग. राहवलं नाही म्हणून लिहितोय.

बावीस वर्षं सह्याद्रीत भटकतोय, चाकू कायम खिशात. त्याने दोऱ्या कापल्या, काकड्या कापल्या, बुटात रुतलेला काटा काढला. माणसावर उगारायची वेळ आली नाही. आली असती तर पळालो असतो.

लांबी कसली विचारता? उघडलेलं पातं जागेवर टिकतं का ते आधी बघा. माझा पहिला चाकू बिनलॉकचा. हरिश्चंद्रगडावर ओली दोरी कापताना टोक अडकलं आणि पातं मिटलं ते माझ्याच तर्जनीवर. खिरेश्वरला उतरेपर्यंत रुमाल लाल, मग चार टाके. ही एका दोरीशी झालेली झटापट! रोजच्या वापराला तीन इंची पातं, आणि ते मिटू न देणारं लॉक: मुठीच्या आतल्या पट्टीचं लायनर लॉक नाहीतर मुठीच्या पाठीवरचं बॅक लॉक. बास.

हिंजवडी_नाईट
पळालो असतो म्हणे! पळायला रस्त्यावर दिवे लागतात, दादा. मी रात्री दीडला कंपनीच्या गाडीतून कोपऱ्यावर उतरते, पुढची चारशे पावलं एकटी. दोन वर्षांपूर्वी एक बाइकवाला हळूहळू मागे येत राहिला. मी पर्समधला चाकू नुसता मुठीत धरला. उघडलासुद्धा नाही, पण पाय लटपटायचे थांबले. तुमच्या काकडीला हे काय कळणार?

काळा_कोट
ताई, भीती खरी आहे, पण कायदाही खरा आहे. शस्त्र नियमांतली मर्यादा नऊ इंच लांबीची आणि दोन इंच रुंदीची, त्यामुळे सगळे खूश असतात. महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम ३७(१) कोणी वाचत नाही. पंधरा-पंधरा दिवसांचे मनाई आदेश एकामागून एक निघत असतात आणि त्यात चाकूच काय, काठीसुद्धा येते. नाकाबंदीत ‘हा कशाला?’ असं विचारल्यावर ‘स्वसंरक्षणासाठी’ म्हणालात, की त्याला शस्त्र तुम्हीच ठरवलंत. न्याय संहितेतही नेमकं ३७च! बचावाला लागेल त्याहून जास्त इजा केलीत, तर हक्क तिथेच संपतो.

हिंजवडी_नाईट
वा. म्हणजे त्याने काय करायचं ते त्याने ठरवायचं, आणि मी किती करायचं ते मात्र फूटपट्टी घेऊन मोजायचं.

देवगडचा_नाना
लॉक, कलमं सगळं ठीक. पोलादाचं कोणी बोलेना! आजकाल ज्याला त्याला स्टेनलेस हवं. माझा ओपिनेल, लाकडी मुठीचा फ्रेंच घडीचा चाकू, आठ नंबर, साडेआठ सेंटीमीटर पातं, कार्बनचं. आंबा चिरला की काळं पडतं, पडू दे. दोन मिनिटं दगडावर घासलं की दाढी करावी अशी धार.

गडवाट
नाना, तो ओपिनेल पावसाळ्यात नेऊन बघा. जुलैत राजगडावर माझ्या मित्राच्या चाकूची लाकडी मूठ फुगली, पातं आत घट्ट बसलं. शेवटी मुठीचं बूड दगडावर ठोकून बाहेर काढलं.

हिंजवडी_नाईट
म्हणजे मागे लागलेल्याला सांगायचं, थांब रे बाबा, दगड शोधते! हे आधी सांगितलं असतंत तर ‘पळा’पेक्षा लवकर पटलं असतं.

विळीवाली
चाकूने आंबा? आणि फणस कशाने कापता, नाना? पाटावर बसून विळीवर चिरायचं सोडलं तेव्हापासूनच आपली बोटं कापायला लागली.

देवगडचा_नाना
फणस कोयत्यानेच, बाई. हाताला आणि पात्याला आधी खोबरेल. घडीच्या चाकूने फोडलात तर चीक खिळीत जातो, मग तो चाकू उघडतही नाही आणि मिटतही नाही. जावयाने माझा एक असाच घालवला. रॉकेलने पुसला, तरी महिनाभर चिकट.

विळीवाली
जावयाच्या हाती चाकू दिलात, चूक तुमची.

काळा_कोट
पुण्यात कोयता म्हणू नका, उगाच कोणाचे तरी कान टवकारतील.

गडवाट
फणस बाजूला ठेवा जरा. ताई, काकडीचं बोललो ते तुमच्या चारशे पावलांना लागू नाही, मान्य. पण मुठीत शिट्टी असती तरी पाय लटपटायचे थांबलेच असते. शिवाय ती कोणी हिसकावून तुमच्यावर उगारू शकत नाही.

हिंजवडी_नाईट
आमच्या गल्लीत शिट्टी वाजली तर लोक खिडक्या लावून घेतात. तरी घेतली आहे, गेल्याच महिन्यात. मिरचीचा स्प्रेही आहे. चाकू आता डब्याच्या पिशवीत असतो, सफरचंदाशेजारी. वकीलसाहेब खूश?

काळा_कोट
सफरचंद रोज खात असाल तर.

देवगडचा_नाना
ताईंचा चाकू कार्बनचा असेल तर खिळीत खोबरेल सोडा.

विळीवाली
पुण्यात डिसेंबरमध्ये खोबरेल गोठतं, नाना. मग उघडा चाकू!