मदत हवी आहे: उबंटू टाकताना लॅपटॉपची एसएसडी (आतली डिस्क) दिसतच नाही
चोपड्यात भाच्याच्या लॅपटॉपवर विंडोज ११ ठेवून शेजारी उबंटू २४.०४ (लिनक्सची एक ऑपरेटिंग सिस्टीम) टाकायचंय. डिस्क निवडायच्या पानावर फक्त १६ जीबीचा पेनड्राइव्ह दिसतो. आतली ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी नाहीच. टर्मिनलमध्येही तेच. विंडोजमध्ये मात्र ती ठणठणीत, ८० जीबी जागा मोकळी करून ठेवलीय.

विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद केलं, पेनड्राइव्ह पुन्हा बनवला. बायोसमध्ये (लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये) इंटेल व्हीएमडी (एसएसडी हाताळणारी इंटेलची सोय) चालू आहे, संशय त्यावरच. ते बंद केलं तर विंडोज निळ्या स्क्रीनवर अडकलं, म्हणून लगेच परत चालू केलं. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) नाही. फॉरमॅट अजिबात नको, पोराचा कॉलेजचा प्रोजेक्ट त्यातच आहे.

आधी विंडोज सेफ मोडला (मोजक्याच ड्रायव्हरवर सुरू होणारा मोड) लावून मग व्हीएमडी बंद केलं, तर डेटा न जाता दोन्ही चालतील का? कुणी स्वतः केलंय का?