भुतं दिसणाऱ्या माणसाला काय म्हणायचं?

पारंबी: दिवाळी अंकासाठी विनोदी रहस्यकथा लिहितेय. नायिका वेंगुर्ल्याकडची, पोस्टातून निवृत्त झालेली आत्या. गावभरच्या चौकशा हा छंद, आणि तिला भुतं दिसतात. गावात खून होतो, आणि तो बघणारा कोण, तर पिंपळावरचा मुंजा. मी लिहिलं, 'आत्या पायाळू, म्हणून तिला दिसायचं.' पायाळू म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेली. संपादकांनी शेरा मारला, 'पायाळूला धन दिसतं, भूत नव्हे. राक्षसगण करा.' म्हणजे पत्रिकेत जन्मनक्षत्रावरून ठरतो तो गण. माझी नगरची आजी तर पायाळूलाच भुतं दिसतात असं छातीठोकपणे सांगायची. बरोबर कोण? आणि अशा माणसाला एक सुटसुटीत शब्द आहे का? मांत्रिक, भगत, देवऋषी नकोत. आत्या काही उतरवत नाही, फक्त गप्पा मारते.

माडाखालचा: संपादक बरोबर आहेत. पायाळूच्या डोळ्यांत अंजन घालून त्याला गुप्तधन शोधायला बसवायचे. त्याच्यावर वीज पडते म्हणून पावसात बाहेर सोडत नसत. आणि कुणाला उसण भरली की त्याची लाथ. एवढी कामं पुरेत की. त्यात भुतं कुठे घालता?

शुद्धपक्ष: 'भूतदर्शी' घ्या. निर्दोष तत्सम शब्द आहे. शिवाय आपण 'गुप्तहेर' लिहिलं असेल तर तेही काढा. हेर गुप्तच असतो. 'हौशी अन्वेषिका' करा.

खमंग: भूतदर्शी वाचून मला वाटलं बाई इतिहास शिकवते. 'भूत' म्हणजे काळही आणि प्राणीही, त्यामुळे हा घोळ होणारच. भूतदयेतही भुतं नसतात, गाई-कुत्री असतात. आणि अन्वेषिका कशाला? गावात हौसेनं चौकशा करणाऱ्या बाईला 'चोंबडी' म्हणतात. 'भुतं दिसणारी चोंबडी आत्या.' झालं काम.

पारंबी: चोंबडी मी तिसऱ्याच ओळीत वापरलाय! प्रश्न दिसण्याचा आहे.

शुद्धपक्ष: चोंबडी हा शब्द अंकात शोभत नाही. मग 'सत्यशोधक' तरी म्हणा.

खमंग: १८७३ पासून तो शब्द फुल्यांच्या समाजाकडे आहे. पिंपळावरच्या मुंजाशी गप्पा मारणाऱ्या बाईला तो लावलात तर पुढच्या अंकात नुसती पत्रंच छापावी लागतील.

ठेचाभाकर: राक्षसगणही चूक हो. आमच्या अकोल्याकडे म्हणतात, राक्षसगणाच्या माणसाले भुतंच भेतात, समोर येत नाहीत. दिसतात ती मनुष्यगणाले. आणि हिशोबही पाहा. २७ नक्षत्रं, तीन गण, प्रत्येकाच्या वाट्याला नऊ. कोणताही एक गण धरला तरी एक तृतीयांश महाराष्ट्राले भुतं दिसाले पाहिजेत. माझं नक्षत्र मघा, म्हणजे अस्सल राक्षसगण. गोदामात रात्रपाळ्या केल्या, पालीशिवाय काही दिसलं नाही.

माडाखालचा: मघा राक्षसगणात, बरोबर. पण कोकणात राक्षसगणालाच दिसतं म्हणतात. आमच्या आळीत एकाच्या पत्रिकेत मूळ नक्षत्र होतं. त्याला विहिरीवर गिऱ्हा, म्हणजे पाण्यातलं भूत, दिसायचा. लग्न जमलं आणि दिसायचा बंद झाला.

खमंग: लग्नानंतर विहिरीवर पाणी भरायला कोण जायला लागलं ते आधी सांगा.

तिरफळ: वेंगुर्ल्याची बाय हा ना? मग येवढी चर्चा कित्याक? आमच्यात त्येचा नाव घेनत नाय. 'तेका दिसता', येवढाच म्हणतत. काय दिसता ता इचारूचा नाय.
प्रमाण मराठीतही हे चालतंच की. 'बाहेरचं आहे', 'बाहेरची बाधा' म्हणतो तेव्हा बाहेरचं म्हणजे कोण, हे आपण कुठे सांगतो? 'आत्याला दिसायचं' एवढंच लिहा. कर्म गाळा, वाचक ओळखतो. आणि तिकडची कथा असेल तर आरवलीचा ग्रामदेव वेतोबा विसरू नका. त्याला नवसाच्या चामडी चपला वाहतात, चांगल्या मोठ्या. रात्री तो गावाची राखण करत फिरतो म्हणून त्या झिजतात, अशी श्रद्धा आहे. तुमच्या आत्यानं खुनाच्या दुसऱ्या सकाळी आधी चपलांचे तळवे बघायला हवेत. देव त्या रात्री कुठल्या वाटेनं गेला ते कळेल.

पारंबी: तिरफळ, चपला मी ढापतेय. मुंजापेक्षा हा साक्षीदार भारी आहे.

माडाखालचा: मुंजा ठेवणार असाल तर एक बघा, मुंज झालेली हवी आणि सोडमुंज, म्हणजे मुंजीचं व्रत सोडण्याचा विधी, राहिलेली. कुठलंही पोर मेलं की मुंजा होत नाही. भुतांतही जातिव्यवस्था कडक आहे. बाळंतपणात गेलेली अलवंतीण, ब्राह्मणाचा ब्रह्मसमंध, असे सगळ्यांचे खाते वेगळे.

ठेचाभाकर: समंध म्हणजे संबंध. ज्याचा घराशी संबंध सुटला नाही तो समंध. म्हणून 'तुझा काय संबंध?' विचारलं की माणूस चिडते.

शुद्धपक्ष: पूर्वार्ध मान्य, उत्तरार्ध मनोरंजन. कथेत खवीस घेणार असाल तर मात्र टाळा. तो अरबी 'खबीस', दुष्ट या अर्थाचा. आपल्याकडे पिशाच्च असताना परका शब्द कशाला?

खमंग: खवीस इथे इतकी वर्षं राहतोय, घरमालकांनाही त्याचं नाव दिलंय. आता त्याच्याकडे कागदपत्रं मागणार?

नवा_पाहुणा: हे छापणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात बसतं का?

खमंग: तो कायदा भूत उतरवतो म्हणून मारहाण करणाऱ्या आणि लुबाडणाऱ्या लोकांसाठी आहे. आत्या पैसे घेत नाही, मारत नाही. फक्त खोचक बोलते.

सुईण: मी स्त्रीरोगतज्ज्ञ. पूर्ण दिवस भरलेल्या शंभरातल्या तीन-चार बाळांचं डोकं वर असतं. त्यातही बहुतेकांचे आधी कुल्ले येतात, पाय थोड्यांचेच. म्हणजे तुम्ही ज्यांना सरसकट पायाळू म्हणता त्यातले बरेचसे शब्दशः पायाळू नाहीतच. आता त्यांची सीझरंही होतात, त्यामुळे अस्सल पायाळू दुर्मीळ.

ठेचाभाकर: डॉक्टर, सीझरनं आलेलं पायाळू धरायचं का नाही? माझा भाचा तसा आहे. त्याची लाथ खाऊन माह्या पाठीची उसण गेली होती.

सुईण: उसण बहुतेक वेळा काही दिवसांत आपोआप जाते. भाच्याला लाथ मारायची सवय लावू नका.

माडाखालचा: सीझर धरायचं नाही. वाट महत्त्वाची. पोटातून उचललेल्याचे पाय आधी निघाले काय आणि डोकं आधी निघालं काय, ते नैसर्गिक नव्हे.

शुद्धपक्ष: 'सीझर' नव्हे, शस्त्रक्रियेद्वारे प्रसूती.

पारंबी: अहो, शुक्रवारी मजकूर द्यायचाय. पायाळू की राक्षसगण?

ठेचाभाकर: माडाखालचे भाऊ, वाट महत्त्वाची कशी? पाय तर पायच असतात ना? आमच्या गावची दाई तर म्हणे की...