निजामकालीन शाळेवरचे सिमेंटचे पत्रे: उतरवायचे की राहू द्यायचे?

गोदाकाठ (धागाकर्ता)

परभणी जिल्ह्यातील आमच्या गावची शाळा निजामाच्या अमदानीतली आहे. काळ्या दगडाच्या आणि चुन्यात बांधलेल्या तिच्या भिंती अजून ठणठणीत आहेत. मूळचे माळवद (लाकूड-मातीचे सपाट छप्पर) मात्र गळू लागले म्हणून सत्तरच्या दशकात काढले गेले आणि त्या जागी सिमेंटचे पत्रे आले. आता इमारत जतन करायची आहे. ग्रामसभेत असे घाटते आहे की पावसाळ्याआधी एका रविवारी तरुणांनी श्रमदान करून पत्रे उतरवावेत, धड निघतील ते गोठ्यांसाठी वाटावेत आणि फुटके शाळेमागच्या खड्ड्यात भराव म्हणून टाकावेत.

माझा विरोध पत्रे काढण्याला नाही, या रीतीला आहे. अशा पत्र्यांत साधारण दहा टक्के अ‍ॅस्बेस्टॉस असते. सिमेंटने हे तंतुमय खनिज धरून ठेवले आहे तोवर ते फारसे सुटत नाही, परंतु हातोडा बसला की डोळ्यांना न दिसणारे तंतू हवेत मिसळतात आणि श्वासाबरोबर फुप्फुसात जाऊन कायमचे बसतात. आजार उघडा पडायला वीस ते चाळीस वर्षे लागतात. त्यामुळे त्या रविवारी कोणाला काहीही होणार नाही आणि तेवढ्यावरून सगळे निर्धोक होते असा निर्वाळा दिला जाईल. पत्रे आधी पाण्याच्या बारीक फवाऱ्याने भिजवावेत, हूक ग्राइंडरने न कापता कातरीने तोडावेत, प्रत्येक पत्रा अखंड दोराने खाली सोडावा आणि जाड प्लॅस्टिकच्या दोन थरांत गुंडाळावा. तोंडाला बांधलेला गमछा हा मास्क नव्हे.

जुना ओव्हरसियर

आपण सांगितलेली रीत बरोबर आहे आणि म्हणूनच माझा प्रश्न आहे की मग काढताच कशाला? पत्रा स्वतःहून कोणाच्या छातीत शिरत नाही. आपण त्याला छेडतो तेव्हा तो त्रास देतो. वरून आणि खालून रंगाचा जाड थर द्यावा, तडे भरावेत, हुकांखालचे कुजलेले वॉशर बदलावेत आणि यापुढे त्यात पंख्यासाठी किंवा वायरसाठी एकही भोक पाडू नये असे ठरवावे. माझ्या नोकरीत जुना पत्रा पायाखाली फुटून खाली आलेली दोन माणसे मी पाहिली आहेत, त्यांतला एक वाचला नाही. अ‍ॅस्बेस्टॉसने आजारी पडलेला एकही मजूर पाहिला नाही. आणि काढलेला माल नेणार कोठे? घातक कचऱ्याची शास्त्रीय विल्हेवाट लावणारे केंद्र पुणे जिल्ह्यातल्या रांजणगावला आहे (वाळूजजवळचे रांजणगाव नव्हे, हा घोळ दर वेळी होतो). तिथपर्यंतचे भाडे ग्रामपंचायत भरणार आहे काय?

गोदाकाठ

आजारी मजूर आपल्याला दिसला नाही, कारण तो आजारी पडेपर्यंत आपले काम संपून वर्षे लोटली असतील आणि तो कोणत्या गावी गेला हे कोणाला ठाऊक नसेल. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या निकालात अ‍ॅस्बेस्टॉस उद्योगातील कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी किमान ४० वर्षे जपण्याचा आदेश दिला, तो याच कारणाने. श्रमदानाला आलेल्या पोरांची नोंद कोण जपणार? खर्चाबाबत मात्र आपले म्हणणे खरे आहे आणि त्याचे उत्तर माझ्याजवळ नाही.

माळवदप्रेमी

रंग फासून पत्रे राखणे म्हणजे सत्तरच्या दशकातली चूक कायम करणे होय. इमारत जतन करायची असेल तर पत्रे विधिवत काढून सागवानी तुळया, त्यांवर लाकडी कड्या आणि पांढऱ्या मातीचा थर असे मूळ माळवदच परत यायला हवे. मे महिन्यात पत्र्याखाली मुले भाजून निघतात. माळवदाखाली दुपारीही गारवा असतो.

तेरणाकाठ

गारव्याबद्दल वाद नाही, परंतु मी किल्लारीच्या बाजूचा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात आमच्याकडे माणसे मेली ती दगड-मातीच्या जाड भिंती आणि दरवर्षी नवी माती टाकून टाकून फूट-दीड फूट जाड झालेली माळवदे अंगावर आल्यामुळे. त्या वेळी आमचा भाग भूकंपाच्या दृष्टीने सर्वांत निर्धोक पट्ट्यात गणला जात होता. परभणीच्या शाळेवर तोच भार पुन्हा चढवायचा असेल तर आधी अभियंत्याकडून भिंती तपासून घ्या. मी स्वतः अ‍ॅस्बेस्टॉसविरहित फायबर सिमेंटच्या पत्र्याच्या किंवा खाली लाकडी छत असलेल्या हलक्या छपराच्या बाजूने आहे. मूळ रूप नसेल, पण वर्गात बसलेली मुले सुखरूप राहतील.

माळवदप्रेमी

किल्लारीतल्या भिंती मातीत रचलेल्या होत्या, ही शाळा चुन्यातली आहे. दोन्ही एकाच मापाने मोजू नयेत. तपासणीला माझी हरकत नाही.

गोदाकाठ

छपराच्या वादात एक गोष्ट राहून जाते आहे. शाळेच्या सागवानी दारांवर तेलरंगाचे निदान पाच-सहा थर आहेत. एका दाराचा टवका उडाला आहे, तेथे हिरव्याखाली निळा आणि त्याखाली तांबूस रंग दिसतो. असल्या जुन्या रंगांत शिसे असते. घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. सुताराचा बेत आहे की ब्लो लॅम्पने रंग जाळून काढायचा. त्याने शिशाची वाफ थेट त्याच्याच नाकात जाईल, आणि कोरडे घासले तर ती धूळ ज्या ओसरीवर पोरे डबे उघडतात तिथेच बसेल. पाणी मारत ओलेच खरवडावे, खपल्या ताडपत्रीवर गोळा कराव्यात आणि झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. हे काम सुट्टीतच व्हावे, शाळा भरलेली असताना नको.

जुना ओव्हरसियर

दारांबाबत मी पूर्णपणे आपल्या बाजूचा आहे. पत्र्यांबाबत नाही. तरीही काढायचेच ठरले तर पत्र्यावर थेट पाय ठेवू देऊ नका, पर्लिनवर (पत्रे ज्यांवर टेकतात त्या आडव्या दांड्यांवर) फळ्या टाकून त्यांवरूनच चाला, खाली जाळी बांधा आणि गोठ्यासाठी एकही पत्रा वाटू नका, कारण तेथे जनावराच्या शिंगाने तो फुटणारच आणि शेण काढणारी बाई ते तुकडे हाताने उचलणार. पत्रे राहणार असतील तर कळवा. वॉशर मी स्वतः येऊन तपासतो, फक्त मृग लागण्याआधी बोलवा.