मदत हवी आहे: वडिलांचा डी ६ मणका दबलाय, डॉक्टर म्हणतात "बरगड्यांनी धरून ठेवलाय". म्हणजे नेमकं काय?

यावलची_लेक

नमस्कार मंडळी. आम्ही यावल तालुक्यातले, घरची केळी आहे. माझे वडील (आम्ही आप्पा म्हणतो), वय ६१. तीन आठवड्यांपूर्वी माल कटत होता. आप्पा ट्रकवर चढून मजुरांना घड रचून देत होते, तिथून पाय सटकला आणि खाली आले. उंची माणसापेक्षा जास्तच. आधी खांदा टेकला, मग मान पुढे दुमडली आणि पाठ जमिनीवर आली.

जळगावला सीटी स्कॅन झाला. रिपोर्टात डी ६ मणका (छातीच्या भागातला सहावा) पुढच्या बाजूने दबलाय असं आहे. उजवीकडच्या एका बरगडीला तडा आहे. पायात ताकद पूर्ण आहे, मुंग्या नाहीत, लघवी-संडास व्यवस्थित. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन नको, हा मणका बरगड्यांनी धरून ठेवलाय, स्थिर आहे. गोळ्या दिल्या, वजन उचलू नका म्हणाले आणि महिन्याने बोलावलं.

आमची अडचण अशी की चोपड्याच्या काकांचा मणकाही दोन वर्षांपूर्वी असाच दबला होता. त्यांचा एल १, म्हणजे कमरेचा पहिला. त्यांना स्क्रू आणि रॉड टाकले. आता घरात रोज हाच विषय. आत्या म्हणते, त्याला ऑपरेशन लागलं मग दादाला का नाही? डॉक्टर लहान वयाचे आहेत, त्यांना कळलं नसेल. एक नातेवाईक तर हाड बसवणाऱ्याकडे चोळायला न्या म्हणून मागे लागलेत.

माझे प्रश्न:
बरगड्या पाठीचा मणका धरतात म्हणजे कशा? त्या तर फुप्फुसांसाठी असतात ना? एका बरगडीला तडा आहे, मग तो आधार गेला का? आणि पाठीला आधाराचा पट्टा का दिला नाही?

डॉक्टरांवर अविश्वास नाही. पण घरच्यांना समजावता येईल इतकं मला स्वतःला कळायला हवं.

फिजिओ_धुळे

ताई, आप्पांना लवकर आराम पडो. मी फिजिओथेरपिस्ट आहे, रिपोर्ट न बघता उपचार सांगणार नाही, पण रचना सांगते.

छातीच्या भागात १२ मणके आणि बरगड्यांच्या १२ जोड्या. बरगडीचं मागचं टोक नुसतं मणक्याला चिकटलेलं नसतं. दुसऱ्यापासून साधारण नवव्या बरगडीपर्यंत प्रत्येकीचं डोकं दोन मणक्यांच्या मध्ये, बरोबर गादीच्या जागी बसतं. म्हणजे सहावी बरगडी पाचव्या आणि सहाव्या, दोन्ही मणक्यांना एकदम धरते. शिवाय ती जरा बाहेर येऊन मणक्याच्या बाजूच्या काट्यालाही सांध्याने जोडलेली असते. या सगळ्या सांध्यांवर चिवट अस्थिबंध असतात. त्यामुळे एक मणका शेजारच्यावरून घसरायचा म्हटला तर दोन्हीकडच्या बरगड्या आडव्या येतात.

मग बरगड्या पुढे वळून छातीच्या मधल्या हाडाला, उरोस्थीला, मिळतात. पहिल्या सात थेट. आठवी ते दहावी वरच्या बरगडीच्या कूर्चेचा (लवचिक मऊ हाडाचा) आधार घेऊन. अकरावी आणि बारावी मोकळ्याच, पुढे कशालाच जोडलेल्या नाहीत.

काकांचा आणि आप्पांचा फरक इथेच आहे. डी ६ च्या भोवती पूर्ण बंद कडी आहे. एल १ ला बरगडीच नाही, आणि त्याच्या वरच्या डी ११, डी १२ च्या बरगड्या मोकळ्या. वरचा ताठ भाग संपून खालचा लवचिक भाग सुरू होतो तो हाच सांधा, त्यामुळे पडल्यावर सगळा झटका तिथे येतो. मणके मोडण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त त्याच पट्ट्यात. म्हणून तिथे स्क्रू लागण्याची शक्यताही जास्त. अर्थात डी ६ ला कधीच ऑपरेशन लागत नाही असं नाही. मणका किती दबलाय, मागची भिंत शाबूत आहे का, मागचे अस्थिबंध तुटलेत का, हे बघून ठरतं.

अमळनेरकर

वरचं उत्तर छान. मी डॉक्टर नाही, यंत्र अभियांत्रिकी शिकवत होतो, आता निवृत्त. मला या विषयाची ओढ लागली ती भार आणि वाकण्याच्या गणितामुळे, म्हणून त्या बाजूने लिहितो.

१९६१ मध्ये लुकास आणि ब्रेसलर यांनी मोजलं होतं की स्नायू आणि बरगड्या काढून टाकलेला नुसता कणा, खालून घट्ट धरून उभा केला, तर वरून साधारण २० न्यूटन भार पडताच वाकून जातो. २० न्यूटन म्हणजे जेमतेम दोन किलो वजन. आणि आपल्याकडचा माणूस वीस-वीस किलोचा घड खांद्यावर घेऊन बांधावरून चालतो! ही ताकद एकट्या मणक्यांची नाहीच.

१९७४ मध्ये अँड्रियाची आणि सहकाऱ्यांनी संगणकावर कणा आणि बरगड्यांचं प्रारूप मांडलं. बरगड्यांचा पिंजरा जोडला की कणा वाकून कोसळायला लागणारा भार सुमारे चौपट झाला. त्यातच तुमच्या बरगडीच्या तड्याच्या प्रश्नाचं उत्तर आहे. त्यांनी एक-दोन बरगड्या काढून पाहिल्या तर फारसा फरक पडला नाही. पण उरोस्थी पूर्ण काढली तेव्हा पिंजऱ्याने दिलेला ताठपणा जवळजवळ सगळाच गेला.

असं का होतं? बाज डोळ्यासमोर आणा. एका अंगाची लांब लाकडी पट्टी म्हणजे कणा, समोरच्या अंगाची म्हणजे उरोस्थी, मधल्या आडव्या म्हणजे बरगड्या. आडवी एक तुटली तर बाज चालते. समोरची लांब पट्टीच काढली तर चौकट उरत नाही, मागची पट्टी एकटी पडते. शिवाय उरोस्थी कण्यापासून बरीच पुढे आहे. वाकण्याला विरोध करणारी वस्तू मध्यापासून जितकी लांब, तितकी जास्त कामाची.

२००५ मध्ये वॉटकिन्स आणि सहकाऱ्यांनी मृतदेहांवर प्रयोग करून हेच मोजलं. पिंजऱ्यामुळे छातीच्या कण्याची स्थिरता पुढे-मागे वाकताना ४० टक्के, बाजूला झुकताना ३५ टक्के आणि पिळताना ३१ टक्के वाढते असं त्यांना आढळलं.

हाडांचं_बघतो

ऑर्थो रेसिडेंट (हाडांच्या विभागात शिकणारा डॉक्टर) आहे, ड्युटीतून वेळ काढून लिहितोय.

ताई, एक गोष्ट मला थांबवतेय. तुम्ही लिहिलंय "मान पुढे दुमडली". पडताना हनुवटी छातीवर दाबली गेली होती का? आणि आप्पांना छातीच्या मधोमध दुखतंय का? बरगडीला तडा आहे तिथे नाही, बरोबर मधल्या हाडावर.

विचारतोय कारण माणूस पुढे घडी होऊन पडला की मणका समोरून दबतो आणि त्याच झटक्यात उरोस्थीही वाकून मोडू शकते, छातीवर थेट काही न आदळता. हे दोन्ही एकत्र असतील तर "बरगड्यांनी धरलंय" या वाक्यातला अर्धा जोर जातो. मणक्याच्या स्थिरतेसाठी डेनिस यांची तीन स्तंभांची (कण्याचा पुढचा, मधला आणि मागचा भाग) मांडणी १९८३ पासून शिकवतात. १९९३ मध्ये बर्ग यांनी मांडलं की छातीच्या भागात उरोस्थी-बरगड्या हा चौथा स्तंभ धरायला हवा. वर उल्लेख झालेल्या २००५ च्या प्रयोगातही अशा प्रकारे मोडलेल्या उरोस्थीमुळे पुढे-मागची स्थिरता ४२ टक्क्यांनी घटली होती.

मणक्याच्या सीटीत कधी कधी फक्त कण्याचाच भाग घेतात, समोरचं हाड चित्रात येतच नाही. तुमच्या डॉक्टरांनी बघितलंही असेल. पण फोन करून सरळ विचारा: "सर, स्टर्नम (म्हणजे उरोस्थी) बघितलंय का?" यात त्यांना वाईट वाटण्यासारखं काही नाही.

पट्ट्याबद्दल: नेहमीचा पट्टा कमरेला आणि छातीच्या खालच्या भागाला चांगला पकडतो. मणका जितका वर, तितकी त्याची पकड कमी. स्थिर मणक्याला पट्ट्याशिवायही चालतं, हा निर्णय डॉक्टरांचा.

आणि हाड बसवणाऱ्याकडे अजिबात नेऊ नका. छातीच्या भागात मज्जारज्जूची नळी अरुंद असते, तिथे सरकायला जागा नाही. आज पाय चांगले चालतायत, ते चोळून घालवू नका.

तापीकाठ

भाऊ बरोबर बोलले. आमच्या गल्लीत चोळून चोळून एकाचं दुखणं सहा महिने लांबलं. कायजी नका करा ताई, बठ्ठं चांगलं व्हई.

यावलची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. बाजेचं उदाहरण आत्याला सांगितलं, तिला पटलं. चोळण्याचा विषय मी घरात बंद केलाय.

@हाडांचं_बघतो दादा, आप्पांना विचारलं. हनुवटी छातीवर जोरात दाबली गेली होती म्हणतात. आणि मधोमध दुखतं! आम्ही समजत होतो बरगडीचंच आहे. खोकला आला की उशी छातीशी धरतात. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि उद्याच या म्हणाले.

तोवर एक विचारते. आप्पा दिवसभर लाकडी फळीवर उताणे पडून असतात, घरच्यांनीच तसं सांगितलंय. हे बरोबर आहे का? श्वासही वरवर घेतात, खोल घेतला की दुखतं.

फिजिओ_धुळे

फळीवर दिवसभर नको, ताई. डॉक्टरांनी उठायला मनाई केली नसेल तर थोडं थोडं उठवा. कुशीवर वळवून, पाय खाली सोडून, हाताच्या आधाराने उठवायचं. सरळ पोट आवळून उठायचं नाही. पडून राहिलं की हाड आणि स्नायू दोन्ही कमजोर होतात.

श्वासाचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. बरगडी दुखते म्हणून माणूस वरवर श्वास घेतो, फुप्फुसाचा खालचा भाग उघडत नाही, कफ साचतो आणि न्यूमोनियाची भीती असते. दुखण्याची गोळी वेळेवर द्या, "सहन होतंय" म्हणून टाळू नका. मेडिकलमध्ये तीन चेंडूंचं श्वासाचं यंत्र मिळतं. बहुतेक जण त्यात फुंकतात, ते उलट आहे. नळी तोंडात घट्ट धरून श्वास आत ओढायचा, चेंडू वर गेले की दोन-तीन सेकंद धरायचे, मग नळी काढून सोडायचा. जागे असताना दर तासाला थोडे श्वास. पहिल्या दिवशी एकच चेंडू उचलला तरी हरकत नाही.

खोकताना उशी धरतात ते अगदी योग्य आहे. मात्र छातीभोवती फडका आवळून बांधू नका, जुनी माणसं बांधतात. त्याने श्वास आणखी कोंडतो.

हाडांचं_बघतो

यात भर: पायात जडपणा, चालताना तोल जाणं, छातीखाली बधिरपणा, लघवी अडणं, दम लागणं किंवा पाठीला पोक वाढताना दिसणं, यातलं काहीही झालं तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा.

वय ६१ आहे तर हाडांची घनता आणि ड जीवनसत्त्व यांचंही विचारा. आप्पा उंचावरून पडलेत म्हणून मणका दबणं समजण्यासारखं आहे. पण हे वाचणाऱ्या इतरांसाठी सांगतो, साध्या ठेचेने किंवा बादली उचलताना मणका दबला तर हाड आधीच पोकळ होतं का, आत क्षयरोग किंवा दुसरा काही आजार आहे का, हे शोधायलाच हवं. संध्याकाळी ताप, वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारं पाठीचं दुखणं ही त्याची खूण असू शकते.

यावलची_लेक

जाऊन आलो. डॉक्टरांनी उरोस्थीचा बाजूने एक्स-रे काढला, मग जुना सीटी पुन्हा उघडून आम्हाला पडद्यावर दाखवला. उरोस्थी शाबूत आहे. बरगडीची कूर्चा जिथे हाडाला मिळते तिथे मुका मार आहे, दुखणं त्याचं. ते बोट लावून म्हणाले, "ही पुढची कडी अखंड आहे, म्हणून मी निर्धास्त आहे."

मग आप्पांना उभं करून पाठीचा एक्स-रे काढला. पडून काढलेल्या चित्रात मणका दबलेला कमी दिसू शकतो, उभं राहिल्यावर अंगाचा भार पडून खरं कळतं, असं त्यांनी सांगितलं. मणका आणखी दबलेला नाही. ऑपरेशन नाही, पट्टाही नाही, इथे पारा चाळिशीच्या वर गेलाय त्यामुळे आप्पांना त्याचंच जास्त समाधान. ड जीवनसत्त्व कमी निघालं, ते सुरू केलंय. साधारण तीन महिने वजन उचलायचं नाही आणि ट्रकवर चढायचं नाही.

चेंडूचं यंत्र आणलंय. आप्पा आधी फुंकतच होते. आता एक चेंडू पूर्ण आणि दुसरा अर्धा उचलतात.

एक शेवटचं. नवीन बागेत निसवण (केळीला घड बाहेर पडणं) सुरू झालीये, आप्पांना शेतात जाऊन बघायचंय. मोटरसायकलवर मागे बसवून नेऊ का?

फिजिओ_धुळे

मोटरसायकल इतक्यात नको, ताई. शेतरस्त्याच्या खड्ड्यांत बसणारा प्रत्येक धक्का सरळ कण्यावर येतो. चारचाकीत पुढच्या सीटवर, पाठीला टेकून, हळू न्या. बांधापर्यंत गाडी, पुढे सपाट जागेवर पायी. सकाळी ऊन चढायच्या आत परत या, आणि हा बेत डॉक्टरांच्या कानावर घालूनच करा.